अमेरिकेतील गावे, नद्या आणि मद्ये : ज्यांच्या उत्तरात कारणही असेल असे प्रश्न हवे आहेत

नकाशेवाचक (धागालेखक)

नमस्कार.

आमच्या शहरातील मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दरवर्षी एक प्रश्नमंजूषा असते आणि गेली काही वर्षे तिचे प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी मी 'अमेरिकेचे सर्वांत पूर्वेकडील राज्य कोणते?' असा प्रश्न ठेवला होता आणि उत्तर 'मेन' असे धरले होते. आठवीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की रेखांश मोजले तर उत्तर अलास्का येते. तिचे म्हणणे बरोबर होते. अलास्काच्या अल्यूशन बेटांची माळ १८० अंशांची रेखांशरेषा ओलांडून पलीकडे जाते आणि त्या माळेतील सेमिसोपोच्नॉय हे बेट पूर्व रेखांशात पडते. त्यामुळे सर्वांत उत्तरेकडील, सर्वांत पश्चिमेकडील आणि रेखांशाच्या हिशेबाने सर्वांत पूर्वेकडील हे तिन्ही मान एकट्या अलास्काकडे जातात. बेटाचे नावही रशियन आहे आणि त्याचा अर्थ साधारणपणे 'सात टेकड्यांचे' असा होतो, कारण १८६७ मध्ये अमेरिकेने ७२ लाख डॉलरना विकत घेईपर्यंत अलास्का रशियाच्या ताब्यात होता.

त्या मुलीला आम्ही पूर्ण गुण दिले. मला मात्र घरी येताना वाटत राहिले की माझ्या प्रश्नापेक्षा तिच्या उत्तरात कितीतरी अधिक भूगोल आणि इतिहास होता. म्हणून या वर्षी भूगोल, इतिहास, मद्ये आणि शब्दखेळ असे चार विषय घेऊन, ज्यांचे उत्तर ऐकल्यावर 'असे का?' हेही कळते तेवढेच प्रश्न ठेवायचे मी ठरवले आहे. आपल्यापैकी अनेक जण अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांत राहतात, अनेकांचे वाचन माझ्यापेक्षा दांडगे आहे. कृपया भर घाला आणि चुकत असेन तिथे दुरुस्त करा.

सुरुवात मी करतो. प्रश्न असा : मिसिसिपी नदी ज्या सरोवरातून उगम पावते त्या इटास्का सरोवराचे नाव कोणत्या भाषेतील आहे?

ऐकणाऱ्याला ते नाव हमखास मूळनिवासींच्या भाषेतील वाटते, पण ते लॅटिन आहे आणि तेही अख्खे नव्हे, मधूनच कापलेले. हेन्री स्कूलक्राफ्ट हा शोधप्रवासी १८३२ च्या जुलै महिन्यात ओजिब्वे जमातीच्या ओझाविन्दिब या वाटाड्याच्या मागून त्या सरोवराशी पोहोचला. बरोबरचे पाद्री बाउटवेल यांच्याकडून त्याने 'खरा उगम' या अर्थाचे लॅटिन शब्द मागून घेतले होते. त्यांनी दिलेले शब्द होते 'व्हेरिटास कापुट', म्हणजे सत्य आणि शीर्ष. स्कूलक्राफ्टने पहिल्या शब्दाचे सुरुवातीचे तुकडे आणि दुसऱ्याचा शेवटचा तुकडा टाकून दिला. मधले 'इटास' आणि 'का' जोडले की झाले इटास्का. ओजिब्वे लोकांचे त्या सरोवराला स्वतःचे नाव होतेच आणि त्याचा अर्थ एल्क हरणांचे सरोवर असा होता. वाट दाखवणाऱ्याच्या भाषेतले नाव मागे पडले आणि वाटेवर तयार केलेले नाव नकाशावर चढले, ही गोष्ट उत्तराबरोबर सांगितलीच पाहिजे असे मला वाटते.

मी त्या ठिकाणी गेलो आहे. सरोवराच्या तोंडाशी मोठमोठ्या दगडांची एक ओळ आहे, तिच्यावरून पाणी पलीकडे उतरते आणि तिथून पुढे नदी म्हणायचे. पाणी गुडघ्यापर्यंत, तळाचे खडे स्पष्ट दिसणारे. एक आजी काठी टेकत, नातवाचा हात धरून त्या दगडांवरून पलीकडे गेल्या आणि मिसिसिपी ओलांडून झाली. शेजारी लाकडाच्या जाड खांबावर कोरले आहे की समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर ही नदी सुरू होते आणि २५५२ मैल वळणे घेत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गोदावरीची बारीक धार पाहिलेल्या माणसाला तिथे उभे राहिल्यावर काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

शब्दवेल्हाळ

सुंदर प्रश्न. याच नदीवर दुसरा प्रश्न सुचवतो. ओजिब्वे भाषेत 'मिसि' किंवा 'मिशि' म्हणजे मोठी आणि 'झीबी' म्हणजे नदी. म्हणजे मिसिसिपी या शब्दातच नदी आहे आणि आपण 'मिसिसिपी नदी' म्हणतो तेव्हा 'मोठी नदी नदी' असे म्हणत असतो. आपल्याकडे 'सह्याद्री पर्वत' म्हणतात तेव्हा हेच घडते, कारण 'अद्रि' म्हणजेच पर्वत. फिलाडेल्फियाजवळच्या स्कूलकिल नदीचेही तसेच आहे. डच भाषेत 'किल' म्हणजे ओढा किंवा प्रवाह, आणि डच वसाहतकार गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ विसरलेल्या इंग्रजांनी पुढे आणखी 'नदी' जोडली. एका भाषेचे लोक गेले आणि दुसऱ्या भाषेचे आले की नावात अशी दुहेरी शिवण राहते.

मिनियापोलिस हे नाव तर दोन खंडांच्या भाषांचा जोड आहे. डकोटा भाषेतील 'म्नी' म्हणजे पाणी आणि ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. आपण नागपूर, सोलापूर म्हणतो तसे ते 'जलपूर' झाले.

एक पुरवणी जोडतो. स्कूलक्राफ्टला असे शब्द जुळवण्याची आवडच होती. पुढे मिशिगनमधील अल्पीना, अल्कोना, ऑस्कोडा, टस्कोला अशा काउंट्यांची (म्हणजे राज्यातील जिल्ह्यांसारख्या भागांची) नावे त्याने मूळनिवासींच्या, अरबी आणि लॅटिन शब्दांचे तुकडे एकत्र करून बनवली. त्याची पत्नी जेन ही ओजिब्वे आईची मुलगी होती, इंग्रजी आणि ओजिब्वे अशा दोन्ही भाषांत कविता लिहीत असे आणि अमेरिकेतील मूळनिवासी साहित्यिकांच्या अगदी पहिल्या पिढीत तिची गणना होते. ओजिब्वे भाषेविषयी स्कूलक्राफ्टला जे कळले त्यातील बरेच तिच्या आणि तिच्या माहेरच्या माणसांकडून कळले होते. प्रश्न विचारताना तिचेही नाव घ्यावे अशी माझी विनंती आहे.

सीमारेषा

मिसिसिपीचा उगम १८३२ पर्यंत नकाशावर नक्की झाला नव्हता, याचा परिणाम आजही अमेरिकेच्या सीमेवर दिसतो. मिनेसोटाच्या डोक्यावर एक छोटी चिमणी असते, ती पाहिली आहे का? त्या तुकड्याला नॉर्थवेस्ट अँगल म्हणतात आणि अलास्का सोडला तर अमेरिकेचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू तिथेच आहे.

१७८३ च्या पॅरिस तहात असे लिहिले होते की सीमा लेक ऑफ द वूड्स या सरोवराच्या अगदी वायव्य टोकापर्यंत जाईल आणि तिथून सरळ पश्चिमेला मिसिसिपी नदीला भिडेल. तह करणाऱ्यांसमोर जॉन मिचेलचा १७५५ चा नकाशा होता. त्या नकाशात नदीचा वरचा भाग नीट दाखवलेलाच नव्हता, कारण नेमक्या त्या कोपऱ्यात दुसराच एक छोटा नकाशा छापलेला होता. नदी बरीच उत्तरेपर्यंत जात असेल असे सर्वांनी धरून चालले. प्रत्यक्षात तिचा उगम त्या टोकाच्या दोन अंशांहून अधिक दक्षिणेला निघाला, म्हणजे पश्चिमेला कितीही चालत गेले तरी नदी भेटणारच नव्हती. शेवटी १८१८ च्या करारात त्या वायव्य टोकापासून रेषा खाली ४९ अक्षांशापर्यंत ओढली गेली आणि तिथून पश्चिमेला वळवली. त्या उभ्या रेषेने जमिनीचा एक तुकडा कापला, जो अमेरिकेचा आहे, पण ज्याला अमेरिकेशी जमिनीने जोडणारी वाट नाही. एक तर सरोवरातून नावेने जायचे, कडक हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून जायचे, नाही तर कॅनडातून फिरून जायचे.

लुइव्हिलकर

धाग्याचा विषय वाचून राहवले नाही. मी केंटकीत राहतो, तेव्हा मद्याचा भाग माझ्याकडे.

प्रश्न : बर्बन व्हिस्कीचे नाव कोणत्या राजघराण्यावरून आले? उत्तर सोपे आहे, फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्यावरून. खरी मौज मधल्या पायरीत आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने केलेल्या मदतीची जाणीव म्हणून १७८५ मध्ये एका मोठ्या काउंटीला बर्बन हे नाव देण्यात आले. तेव्हा ती व्हर्जिनियात होती, कारण केंटकी हे वेगळे राज्य १७९२ मध्ये झाले. ओहायो नदीकाठच्या तिथल्या बंदराचे नाव होते लाइमस्टोन, म्हणजे चुनखडी. तिथून पिंपे ओहायोतून मिसिसिपीत आणि मिसिसिपीतून थेट न्यू ऑर्लिन्सला जात. पिंपांवर जुन्या बर्बन भागाचा उल्लेख असे आणि त्यावरून मद्याला ते नाव पडले, असे एक मत आहे. दुसरे मत असे की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर ही व्हिस्की खपत असे म्हणून लोक तिला त्या रस्त्याच्या नावाने मागू लागले. दोन्ही मतांना मानणारे अभ्यासक आहेत. काउंटी घ्या किंवा रस्ता घ्या, दोन्ही वाटा त्याच राजघराण्यापाशी जातात, म्हणून प्रश्न राजघराण्याविषयी विचारावा, काउंटीविषयी विचारू नये.

'बर्बन फक्त केंटकीतच होते' हे वाक्य मात्र कुणी उत्तरात घालू नका. १९६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने बर्बनला अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली, त्यामुळे ती देशात कुठल्याही राज्यात बनू शकते. अटी वेगळ्या आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, ऊर्ध्वपातन करताना अल्कोहोलचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावे आणि पिंप नव्या ओक लाकडाचे, आतून जाळून काळे केलेले असावे. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात आणि तिथली व्हिस्की त्यांत मुरते.

मी एका जुन्या गोदामात गेलो होतो. पिंपांच्या चळती मजल्यावर मजले, उजेड बेताचाच आणि दार उघडताच ओल्या लाकडाचा आणि गुळाच्या पाकासारखा वास अंगावर येतो. प्रत्येक पिंपात सुमारे २०० लिटर. उन्हाळ्यात मद्य फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून परत बाहेर येते आणि ते जाळलेले लाकूडच तिला रंग आणि चव देते. दरम्यान काही भाग हवेत उडून जातो, त्याला इथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. तो वाटा खाऊन वाढणारी एक काळी बुरशी गोदामाच्या भिंतींवर आणि आसपासच्या झाडांच्या खोडांवर काजळीसारखी बसलेली असते. अमेरिकेत दारूबंदी असताना चोरून चालणाऱ्या भट्ट्या या बुरशीच्या डागांवरून ओळखता येत, असे मला तिथल्या जुन्या कामगाराने सांगितले.

पाण्याचाही वाटा आहे. केंटकीतील झऱ्यांचे पाणी चुनखडीतून गाळून येते, त्यात लोह राहत नाही आणि लोह असेल तर व्हिस्की काळवंडते. त्याच चुनखडीत पाण्याने कोरलेली मॅमथ केव्ह ही ज्ञात गुहांमध्ये जगातील सर्वांत लांब गुहा आहे. तिचे ४०० मैलांहून अधिक मार्ग मोजले गेले आहेत. एकाच दगडाने राज्याला गुहा आणि मद्य दोन्ही दिले.

चाफेकळी

लुइव्हिलकर, माहितीबद्दल आभार. आमच्या लहानपणी मधल्या सुट्टीत डब्यात असायचे ते बर्बन बिस्कीट याच नावाचे का? त्यात दारू असते असे आमच्या वर्गात कुणीतरी पसरवले होते आणि आजीने काही दिवस ते घरात आणणे बंद केले होते.

शब्दवेल्हाळ

चाफेकळी, बिस्किटात दारूचा थेंबही नाही. ते इंग्लंडमध्ये १९१० च्या सुमारास निघाले आणि त्यालाही त्याच फ्रेंच राजघराण्याचे नाव देण्यात आले. व्हिस्की आणि बिस्कीट ही एकाच घराण्याच्या नावाची दोन वेगळी अपत्ये आहेत, आणि मराठी मुलांच्या प्रश्नमंजूषेसाठी हा प्रश्न सर्वांत योग्य ठरेल.

आता ज्या विषयासाठी मी मुद्दाम वेळ काढून बसलो आहे त्याकडे येतो. अमेरिकन मद्यांच्या नावांत आपले शब्द आहेत आणि ते किमान तीन ठिकाणी दिसतात.

पहिला शब्द टॉडी. गरम पाणी, साखर आणि रम किंवा व्हिस्की यांचे हे पेय अमेरिकेत अठराव्या शतकापासून घरोघर होते, आणि आजही सर्दी झाली की घेतात. हा शब्द म्हणजे आपली ताडी. ताडाच्या झाडाचा रस इंग्रज व्यापाऱ्यांनी इथे पाहिला, नाव नेले आणि वेगळ्याच पेयाला लावले.

दुसरा शब्द पंच. सतराव्या शतकात सुरत आणि मुंबई भागात राहिलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानी भाषेत पाच या आकड्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, कारण त्यात पाच पदार्थ असतात. मोठ्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत त्यावरून तो शब्द आला असेही काही जण मानतात. मला फ्रायरची बाजू पटते, आणि त्याला आधार म्हणून बेंजामिन फ्रँकलिनची एक कृती पुढे ठेवतो. १७६३ मध्ये त्याने बोस्टनच्या जेम्स बाउडिन या मित्राला दूध घातलेल्या पंचाची कृती पत्राने कळवली होती. ४४ लिंबांच्या साली अगदी पातळ सोलून ब्रँडीत २४ तास भिजत घालायच्या, गाळायचे, मग पाणी, किसलेले जायफळ, लिंबाचा रस आणि साखर घालायची, त्यात उकळते दूध ओतायचे, दोन तास ठेवायचे आणि कापडी पिशवीतून निथळू द्यायचे. लिंबाने दूध फाटते, चोथा वर राहतो आणि खाली येणारे पेय पाण्यासारखे नितळ असते. छेना करणाऱ्या कोणत्याही स्वयंपाकघरात हेच घडते, फक्त तिथे चोथा ठेवतात आणि पाणी ओतून देतात. दूध बाजूला ठेवून मोजा : मद्य, लिंबू, साखर, पाणी, मसाला. पाचच होतात.

तिसरा शब्द सर्वांत लांबचा प्रवास करून आलेला आहे. केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत १८७५ पासून लुइव्हिलला होते आणि तिथले मानाचे पेय आहे मिंट जुलेप, म्हणजे बर्बन, साखर, पुदिना आणि चुरलेला बर्फ. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' हा मुळात गुलाबपाण्याचा शब्द. अरबीत 'ग' नसल्यामुळे तो 'जुलाब' झाला. कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून वैद्य ते गोड सरबतात देत आणि त्या सरबताला जुलाब म्हणत. हा शब्द युरोपात जाऊन जुलेप झाला आणि अमेरिकेच्या दक्षिणेत औषध गळून त्यात मद्य आले. भारतात मात्र तो औषधालाच चिकटून राहिला आणि पोट साफ करणाऱ्या औषधाचे नाव होऊन बसला. म्हणून मराठीत आज गुलाब आणि जुलाब असे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत आणि तिसरा अवतार डर्बीच्या दिवशी चांदीच्या पेल्यात दिला जातो. मला माझ्या भाषेविषयी इतकी आपुलकी वाटायला लावणारे उदाहरण फार दिवसांत सापडले नव्हते.

पिट्सबर्ग_निवासी

शब्दवेल्हाळ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याकडे इतिहासाचा एक प्रश्न आहे : राष्ट्राध्यक्ष असताना जॉर्ज वॉशिंग्टन सैन्य घेऊन कोणाविरुद्ध निघाले होते? उत्तर, आमच्या भागातील व्हिस्की गाळणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध.

१७९१ मध्ये वॉशिंग्टन यांचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मद्यावर अबकारी कर आणला. अ‍ॅलेगेनी डोंगरांच्या पश्चिमेला राहणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य पूर्वेच्या बाजारात नेणे परवडत नव्हते. एका घोड्यावर चार बुशेल (धान्याचे एक माप) धान्य जाई, पण तेच गाळून मद्य केले तर चोवीस बुशेलांचा ऐवज त्याच घोड्यावर जाई. रोख पैसा जवळपास नव्हताच, मद्यच चलन होते, आणि कर मात्र रोखीत भरायचा होता. १७९४ मध्ये उठाव झाला, कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचे घर जाळले गेले आणि सुमारे १३,००० सैनिकांचे दल घेऊन वॉशिंग्टन स्वतः निघाले. मोठी लढाई झाली नाही, उठाव विरघळला. देशद्रोहासाठी ज्या दोघांना शिक्षा झाली त्यांना वॉशिंग्टन यांनीच माफी दिली, आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या काळात १८०२ मध्ये तो कर रद्द झाला.

पदावरून उतरल्यावर १७९७ मध्ये वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर स्वतःची भट्टी सुरू केली आणि १७९९ पर्यंत ती सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की काढू लागली. ती भट्टी त्या काळी देशातील सर्वांत मोठ्या भट्ट्यांपैकी एक होती. जेम्स अँडरसन या स्कॉटिश कारभाऱ्याचे नाव सगळीकडे सांगितले जाते, पण भट्टीवर राबणारी माणसे गुलामगिरीत ठेवलेली होती. त्यांची नावे नोंदीत आहेत : हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी. ती सहा नावे उत्तरात वाचून दाखवावीत.

आमच्या गावाच्या नावावर शब्दखेळाचाही प्रश्न होऊ शकेल. १८९१ मध्ये स्थलनामे एकसारखी करणाऱ्या सरकारी मंडळाने पिट्सबर्गच्या स्पेलिंगमधील शेवटचे 'एच' हे अक्षर काढून टाकले, गावकऱ्यांनी वीस वर्षे नेट लावला आणि १९११ मध्ये ते परत मिळवले. देवनागरीत ते अक्षर दिसत नाही, पण इथल्या माणसासमोर ते गाळून पाहा.

लुइव्हिलकर

पिट्सबर्ग_निवासी यांच्या सहा नावांना मी सातवे जोडतो. टेनेसीतील लिंचबर्गच्या जॅक डॅनियलला व्हिस्की गाळायला शिकवणारा माणूस होता निअरेस्ट ग्रीन. तो गुलामगिरीत होता, मुक्त झाल्यावर डॅनियलच्या भट्टीचा पहिला मुख्य कारागीर झाला, आणि त्या कंपनीने त्याचे श्रेय उघडपणे सांगायला २०१६ साल उजाडले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे आपल्या मुलांना या प्रश्नाच्या निमित्ताने सांगता येईल.

टेनेसी व्हिस्की मेपल लाकडाच्या कोळशातून गाळतात, त्या पद्धतीला लिंकन काउंटी पद्धत म्हणतात. लिंचबर्ग मात्र १८७१ पासून मूर काउंटीत आहे. २०१३ मध्ये राज्याने ही पद्धत कायद्याने सक्तीची केली तेव्हा खुद्द लिंकन काउंटीत असलेल्या एकमेव भट्टीला त्यातून सूट द्यावी लागली, कारण ती ही पद्धत वापरत नव्हती. आणि हे लिंकन म्हणजे अब्राहम नव्हेत. काउंटी १८०९ मध्ये झाली, ज्या वर्षी अब्राहम लिंकन जन्मले, आणि तिचे नाव स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी बेंजामिन लिंकन यांच्यावरून आहे.

गिरगाव_ते_दादर

मूर काउंटीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. जगभर विकली जाणारी व्हिस्की जिथे बनते ती काउंटी दारूबंदीची आहे. देशव्यापी बंदी १९३३ मध्ये उठली तरी काउंटीने आपल्या हद्दीत काय ठेवायचे हा अधिकार अनेक राज्यांत स्थानिक लोकांकडे राहिला. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे असेच आहेत, आणि चंद्रपूरला २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली.

प्रश्न : अमेरिकेची दारूबंदी संपवणारे निर्णायक ३६ वे मत कोणत्या राज्याचे होते? उत्तर आहे युटा, जिथे मॉर्मन पंथाचे बहुसंख्य लोक मद्याला स्पर्श करत नाहीत. ५ डिसेंबर १९३३ रोजी युटाने एकविसाव्या घटनादुरुस्तीला मान्यता दिली आणि दारूबंदी आणणारी अठरावी दुरुस्ती रद्द झाली. आजवरच्या दुरुस्त्यांत हीच एक अशी आहे जिला विधिमंडळांनी नव्हे, तर राज्याराज्यांत खास निवडलेल्या परिषदांनी मान्यता दिली.

बंदीच्या काळात तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळत असे. हे वाचताना मला आमच्या आजोबांचा परवाना आठवला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि त्याखाली प्रकृतीच्या कारणाने परवाना मिळे. आजोबांच्या कपाटात तो घड्या पडून मऊ झालेला कागद रेशनकार्डाच्या आत ठेवलेला असे. कायदा नाव बदलून आजही लागू आहे आणि परवान्याची अटही त्यात आहे.

चाफेकळी

शब्दखेळाला मी थोडे देते. उलटे वाचण्याची गावे अमेरिकेत बरीच आहेत. वॉशिंग्टन राज्यातील 'लेबम' हे 'मेबल' या मुलीच्या नावाचे उलटे रूप आहे, अलाबामातील 'रेमलॅप' हे 'पामर'चे आणि नेवाडातील ओस पडलेले 'अ‍ॅडाव्हेन' हे खुद्द नेवाडाचे. टेक्सारकाना या नावात टेक्सस, आर्कन्सॉ आणि लुइझियाना अशी तीन राज्ये आहेत, पण गाव पहिल्या दोनांतच आहे, आणि तिथले टपाल कार्यालय व न्यायालय एकाच इमारतीत राज्यसीमेवर बरोबर मधोमध उभे आहे.

कॅन्सस आणि आर्कन्सॉ यांचे इंग्रजी स्पेलिंग शेवटी सारखे असून उच्चार वेगळा का, हा प्रश्न मला मुलाने विचारला होता. दुसरे नाव फ्रेंचांच्या तोंडून आले आणि फ्रेंच शेवटचा 'स' उच्चारत नाहीत. वाद इतका वाढला की १८८१ मध्ये आर्कन्सॉच्या विधिमंडळाने ठराव करून उच्चार ठरवून दिला. मराठीत आपण ऐकले तसे लिहितो, म्हणून दोन्ही नावे पाहताच वेगळी कळतात. इंग्रजी अक्षरांपैकी एकही राज्याच्या नावात न येणारे अक्षर एकच आहे, 'क्यू'. आणि ज्या राज्याच्या व राजधानीच्या नावात एकही अक्षर समान नाही असे राज्य एकच, साउथ डकोटा, राजधानी पिअर. देवनागरीत लिहून पाहिले, तरीही एक व्यंजन जुळत नाही.

नकाशेवाचक (धागालेखक)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. जुलेप, बिस्कीट, युटा, सहा नावे आणि निअरेस्ट ग्रीन हे प्रश्न पक्के केले आहेत. इटास्काच्या प्रश्नापाठोपाठ नॉर्थवेस्ट अँगलचा प्रश्न ठेवणार आहे, म्हणजे उगमाविषयीचे अज्ञान आणि सीमेवरची चिमणी सलग कळेल. सीमारेषा, एक विचारायचे होते. त्या तुकड्यात आज कोणी राहते का? मुले हे नक्की विचारतील.

सीमारेषा

राहतात. बहुतेक जमीन रेड लेक येथील ओजिब्वे लोकांच्या मालकीची आहे, आणि अँगल इनलेट नावाच्या वस्तीत थोडी घरे, मासेमारीसाठी येणाऱ्यांची निवासस्थाने आणि एका खोलीची सरकारी प्राथमिक शाळा आहे. धाकटी मुले तिथेच शिकतात. मोठी झाली की त्यांना वॉरोडच्या शाळेत जावे लागते, जे त्याच मिनेसोटा राज्यात आहे. बस सकाळी अमेरिकेतून कॅनडात शिरते, मॅनिटोबातून जाते आणि पुन्हा अमेरिकेत येते. संध्याकाळी तीच मुले तशाच दोन सीमा ओलांडून घरी परततात.